ताबा आणि वहिवाट : प्रस्तावना

माझ्या वकिलीची पहिली अठरा वर्षं बांधावर गेली. कुणी बांध कोरला, कुणी विहिरीवरची पाण्याची पाळी मोडली, कुणाच्या वाटणीत दीड गुंठा कमी भरला. तालुक्याच्या दिवाणी कोर्टात हेच चालतं. त्या वर्षांत 'ताबा' हा शब्द मी किती वेळा लिहिला असेल, याला गणती नाही. ताबा कुणाचा, कधीपासूनचा, पीकपाहणीला नाव कुणाचं, बांधावरची बाभूळ कुणी तोडली. पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी आलो, चाळीस तासांचं मध्यस्थीचं प्रशिक्षण पुरं केलं आणि कौटुंबिक न्यायालयातली पहिली फाईल हातात घेतली. अर्जाच्या शेवटच्या मागणीत मला काहीच वावगं दिसलं नाही : 'अज्ञान मुलगा, वय वर्षे ७, याचा ताबा अर्जदारास देण्यात यावा.' कायद्याच्या मराठीत अठरा वर्षांखालच्या माणसाला अज्ञान म्हणतात. सातबाऱ्यावरचं 'अ.पा.क.', म्हणजे अज्ञान पालनकर्ता, मी रोज वाचत आलो होतो. शब्द ओळखीचे होते. कामही ओळखीचंच असणार, असं धरून चाललो.

त्या जोडप्याचं आम्ही पाच बैठकांत जुळवलं. नवराबायको म्हणून नव्हे. वेगळं व्हायचं दोघांनी आधीच पक्कं केलं होतं. जुळवलं ते मुलापुरतं. मुलगा आईकडे राहील, शनिवार-रविवार वाटून घ्यायचे. पहिला आणि तिसरा वडिलांकडे, दुसरा आणि चौथा आईकडे. मसुदा मी स्वतः लिहिला. सह्या झाल्या, न्यायाधीशांनी दोघांना विचारून खात्री करून घेतली, अटी मंजूर झाल्या. वाटणीपत्र चोख झालं, असं समजून मी फाईल बांधली.

दोन महिन्यांनी एका शनिवारी सकाळची शाळा सुटली, तेव्हा फाटकाबाहेर दोन दुचाक्या उभ्या होत्या. त्या महिन्यात शनिवार पाच होते. आईचं म्हणणं, मूल माझ्याकडे राहतं, जे लिहिलेलं नाही ते माझं. वडिलांचं म्हणणं, एक आड एक ठरलंय. चौथा तुझा झाला, पाचवा माझा. आवाज चढले. शाळेनं मुलाला कुणाच्याच हवाली करायला नकार दिला आणि साडेअकराला सुटलेला मुलगा दीड वाजेपर्यंत आत शिपाईमामांच्या स्टुलावर बसून राहिला. पाच शनिवारांचे महिने वर्षात चार किंवा पाच असतातच. मसुदा लिहिताना कालनिर्णय माझ्या पाठीमागे भिंतीवरच होतं. मी मान वळवली नव्हती.

पुढच्या तारखेला विवाह समुपदेशक बाई मुलाशी बोलल्या. फाटकावरच्या प्रकाराबद्दल त्या हळूच विचारू लागल्या, तर तोच म्हणाला, "मला माहीत होतं पाचवा येणार. मी मोजले होते. मला कुणी विचारलंच नाही."

कागदावर अज्ञान तो होता. मोजायचं राहिलं होतं ते आम्हा तिघा सज्ञानांचं.

हे पुस्तक त्या शनिवारातून निघालं आहे. जमिनीच्या दाव्यात ताबा ठरला की काम संपतं. मोजणीवाला खुणा रोवून जातो. मुलाच्या बाबतीत ताबा ठरतो तिथून खरं काम सुरू होतं. मूल कुणाकडे राहणार, हा प्रश्न एका ओळीत सुटतो. शनिवारी किती वाजता, कुणाच्या दारातून, दप्तर कुठलं, दम्याचा पंप कुणाच्या पिशवीत, ताप आला तर निरोप कुणी द्यायचा, हे प्रश्न त्या ओळीत मावत नाहीत. मूल मात्र राहतं त्याच प्रश्नांत. मध्यस्थाचं काम म्हणजे 'ताबा' हा एक मोठा शब्द फोडून त्याचे असे पन्नास छोटे तपशील करणं. एवढं एकच मला या पुस्तकात सांगायचं आहे.

कायदा तसा आपल्याला वाटतो त्याहून समंजस आहे. पालक व पाल्य अधिनियम १८९० चा, इंग्रजी अमलातला. तरीही मुलाचं हित पाहावं आणि त्याला समजून-उमजून आवडनिवड सांगता येत असेल तर तीही विचारात घ्यावी, असं त्यात आहे. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमानं मुलाचं कल्याण सर्वोच्च ठरवलं आणि पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईकडे असावं असं म्हटलं. त्याच कायद्यात नैसर्गिक पालक म्हणून आधी वडील आणि 'त्यांच्यानंतर' आई असा क्रम आहे. लेखिका गीता हरिहरन यांच्या प्रकरणात १९९९ साली सर्वोच्च न्यायालयानं त्या 'नंतर'चा अर्थ लावून दिला, आणि वडील हयात असतानाही आई पालक असू शकते हे स्पष्ट झालं. मुस्लिम कायद्यातल्या हनफी परंपरेत हिजानत, म्हणजे लहान मुलाच्या संगोपनाचा हक्क, आईचा. मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत. मुलं ही मालमत्ता नव्हेत आणि आईबापांची खेळणीही नव्हेत, हे सर्वोच्च न्यायालयानं १९७३ सालीच सांगून ठेवलं आहे. ताब्याचा कुठलाही हुकूम कायमचा नसतो, परिस्थिती पालटली की तो पालटता येतो, हेही त्याच निकालातलं. इतकं सगळं असून अर्जात शब्द मात्र राहिला 'ताबा'. जसा शब्द आपण लिहितो, तसंच भांडतो.

कौटुंबिक न्यायालयाची कल्पना या भांडणाची तऱ्हा बदलावी म्हणूनच निघाली. दुर्गाबाई देशमुखांनी १९५३ च्या चीन दौऱ्यानंतर ती मांडली. मुंबई उच्च न्यायालयातल्या न्यायमूर्ती छागला आणि न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांच्याशी त्या याबद्दल बोलल्या होत्या. कायदा व्हायला १९८४ उजाडलं. महाराष्ट्रात पुणे आणि मुंबईची कौटुंबिक न्यायालयं १९८९ साली सुरू झाली. हा कायदा वाचताना माझ्यासारख्या वकिलाला पहिल्यांदा जरा टोचतं, कारण इथे वकील लावणं हा पक्षकाराचा हक्क म्हणून धरलेला नाही. न्यायाधीशानं आधी समेटाचा प्रयत्न करायचा, मदतीला समुपदेशक घ्यायचे, गरज पडली तर सुनावणी बंद दाराआड करायची. पुढे दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ८९ नव्या रूपात २००२ पासून अमलात आलं आणि न्यायालयातून मध्यस्थीकडे जाणारा रस्ता रुंद झाला. २०२३ मध्ये मध्यस्थीला स्वतःचा कायदाही मिळाला.

इथे एक घोटाळा आधीच निस्तरतो. समुपदेशक आणि मध्यस्थ एकच नव्हेत. विवाह समुपदेशक न्यायालयाचे. बहुधा समाजकार्याचं शिक्षण घेतलेले. ते मुलाला भेटतात, वेळप्रसंगी घरी जाऊन येतात, न्यायाधीशांना अहवाल देतात. मध्यस्थ अहवाल देत नाही. समेट झाला तर अटींचा कागद पाठवायचा. नाही झाला तर 'मध्यस्थी अयशस्वी' एवढंच. का अयशस्वी, कोण अडून बसलं, हे न्यायाधीशांनीही विचारायचं नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा फरक नेमका केला : मध्यस्थीतलं बोलणं गुप्त राहील, पण मुलाबाबतचा समुपदेशकाचा अहवाल मुलाच्या हितासाठी न्यायालयाला पाहता येईल. मला निकाल देता येत नाही, हुकूम काढता येत नाही, साक्ष देता येत नाही. सुरुवातीला हे हात बांधल्यासारखं वाटायचं. मग लक्षात आलं, लोक माझ्यापुढे बोलतात ते माझ्या हातात काही नाही म्हणूनच.

मराठीत मध्यस्थ म्हटलं की लग्न जमवणारा माणूस आठवतो. पत्रिका घेऊन दोन घरांत फेऱ्या मारणारा, मुलाचा पगार जरा वाढवून सांगणारा. आमच्याकडे येणाऱ्या ज्येष्ठांच्या मनात तोच असतो. "साहेब, तुम्ही मनावर घ्या, पुन्हा नांदतील," असं हात जोडून म्हणणारे सासरे मी पाहिले आहेत. त्यांना सांगावं लागतं की, नांदवणं हे माझं काम नाही. दोघांनाच तसं वाटलं तर आनंद आहे. नाही वाटलं तर नवराबायकोचं नातं संपल्यावरही आईबापाचं नातं चालू ठेवायचं कसं, एवढंच मी पाहतो.

माझी खोली साधी आहे. टेबल गोल नाही, सरकारी चौकोनीच आहे. म्हणून मी दोघांना समोरासमोर न बसवता एकाच बाजूला, मध्ये एक खुर्ची रिकामी ठेवून बसवतो. मामा, आत्या, भाऊ, मित्र, सगळे बाहेर बाकावर. पहिल्या बैठकीत दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, माझ्याकडे पाहून बोलतात. शब्दही वकिलांच्या कागदातले. "जाबदारांनी मुलीला भेटू दिलं नाही." "अर्जदार खोटं बोलतात." काल-परवापर्यंत एका ताटात जेवलेली माणसं एकमेकांना अर्जदार-जाबदार म्हणतात. काहींना तेही जड जातं. मग 'समोरची पार्टी'. मी कान लावून बसतो तो एका बदलासाठी. तिसऱ्या-चौथ्या बैठकीत कधीतरी तोंडातून निघून जातं, "नाही, डब्याचं पिंकीच्या बाबांना माहीत आहे." मराठी घरात नवरा नाव घेऊन ओळखला जात नव्हता, तेव्हा मुलाच्या नावानं ओळखला जायचा. तो जुना संकोच इथे कामी येतो. 'जाबदार' गेला आणि 'पिंकीचे बाबा' आले, की मी टेबलावर कॅलेंडर उघडतो. त्याआधी नाही.

कॅलेंडर उघडलं की दिवाळी येते, आणि दिवाळीवर माझ्या अनुभवात पोटगीपेक्षा जास्त वेळ जातो. 'दिवाळी निम्मी-निम्मी' असं लिहून भागत नाही. लक्ष्मीपूजन कुठे? पाडवा कुठे? भाऊबीजेला मुलगी आईकडे आणि तिचा चुलतभाऊ ओवाळून घ्यायला वडिलांच्या घरी वाट पाहत असेल तर? कोकणात ज्यांचं घर आहे त्यांच्यासाठी गणपती दिवाळीपेक्षा मोठा. पाच दिवसांचा असेल तर शाळा बुडते, गौरी-गणपतीची गाडी आधी आरक्षित करावी लागते, म्हणजे ठरायला हवं ते जूनमध्ये. मे महिन्याची सुट्टी दोन भागांत. पण आंबे उतरवायचा आठवडा आजोळचा. वाढदिवस एका वर्षाआड, आणि ज्याचं वर्ष नाही त्याला संध्याकाळी एक तास. वाचणाऱ्याला हे हास्यास्पद वाटेल. एका वडिलांनी मला विचारलं होतं, "इतकं लिहून ठेवायचं म्हणजे आमच्यात काही उरलंच नाही का?" मी त्यांना म्हणालो, "दादा, उरलंय ते राखायचं म्हणून लिहायचं." विहिरीवर भावाभावांत पाण्याची पाळी लावतात, ती वैर म्हणून नव्हे. पाळी नसेल तेव्हा वैर येतं.

सगळ्यात सांभाळून राहायची जागा पैशाची. "पोटगी सोडते, पण पोरगं माझ्याकडे राहू द्या." "भेटीचे दिवस वाढव, मग फ्लॅटचं बघू." अशी देवघेव पाच मिनिटांत ठरते आणि वरकरणी समेटासारखी दिसते. मसुदा लवकर संपवायची घाई असलेल्या मध्यस्थाला ती मोहात पाडते. मीही एकदोनदा पडलो आहे. घाबरलेली आई स्वतःच्या नव्हे, मुलाच्या खर्चाचा हक्क सोडून देत असते, आणि वर्षभरात शाळेची फी थकली की तीच फाईल पुन्हा येते. म्हणून आता नियम केला आहे. मुलाचं एका दिवशी, पैशांचं दुसऱ्या दिवशी. एका बैठकीत दोन्ही विषय आले की मी घड्याळाकडे पाहून उठतो.

मुलाला मी स्वतः सहसा भेटत नाही. ते काम समुपदेशकांचं, आणि गरज वाटली तर न्यायाधीश आपल्या दालनात मुलाशी बोलतात. पाचव्या शनिवारच्या प्रकरणात आई चटकन म्हणाली होती, "मग त्यालाच ठरवू द्या ना, पाचवा कुणाकडे." मला ते पटलंही. समुपदेशक बाईंनी थांबवलं. म्हणाल्या, "सर, त्याला मोजू द्या, निवडायला लावू नका. एकाला हो म्हटलं की दुसऱ्याला नाही म्हटल्याचं ओझं तो घरी घेऊन जाईल." मुलाचं ऐकणं वेगळं आणि मुलाला पंच करणं वेगळं, हा फरक मला त्या दिवशी कळला. पाचवा शनिवार अखेर आळीपाळीनं लागला, सुरुवात वडिलांपासून. आणि वर्षभराच्या तारखा काढून कागदाला जोडल्या. मुलाला त्याची एक प्रत दिली. त्यानं ती तपासून घेतली.

गेल्या काही वर्षांत या कॅलेंडरात घड्याळही आलं आहे. पुण्या-मुंबईची किती घरं आज न्यू जर्सी किंवा टेक्सासला आहेत. संसार तिकडे मोडतो आणि भांडण इकडे येतं. मुलांना एका देशातून परस्पर दुसऱ्या देशात नेण्याबाबतचा हेगचा आंतरराष्ट्रीय करार १९८० चा आहे आणि भारतानं त्यावर सही केलेली नाही. म्हणून अशा प्रकरणात कुठल्या देशाच्या हुकमाला किती वजन, यावरच वर्षं जातात, आणि तेवढ्यात मुलाला मराठी तरी विसरायला होतं किंवा इंग्रजी तरी. पडद्यावरच्या मध्यस्थीत आम्ही निदान फोनची वेळ बांधून देतो. त्यातही ठेच लागते. न्यू जर्सीत शनिवारी सकाळी आठ म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच, हिवाळ्यात साडेसहा. तिकडची घड्याळं मार्चमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये फिरतात. साडेपाचला फोन घेऊन बसलेल्या आजोबांना नात एक तास दिसली नाही, तर 'मुद्दाम उचलत नाहीत' एवढा संशय पुरतो. आता मसुद्यात मी वेळ कुठल्या गावाची तेही लिहितो.

मध्यस्थीची महती सांगणारं पुस्तक लिहून मला थांबायचं नव्हतं, म्हणून ती कुठे करू नये याचं एक पूर्ण प्रकरण दिलं आहे. घरात मारहाण झालेली बाई त्याच माणसाशेजारी एक खुर्ची सोडून बसली, तर ती 'हो' म्हणते ते संमतीचं नसतं. तिच्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे. त्यात मुलाचा तात्पुरता ताबा मागता येतो आणि भेट घातक असेल तर ती नाकारलीही जाते. मुलावर अत्याचाराचा आरोप असेल तिथे मध्यस्थानं फाईल मिटून परत पाठवावी. बाळाची भेट हा हक्क आहे, पण तो बाळाचा, मोठ्यांचा नंतर. तसंच, एकानं मुलाचे कान दुसऱ्याविरुद्ध भरले असतील तर चार बैठकांत ते धुऊन निघत नाहीत. तिथे मानसोपचार लागतो, आणि वेळ लागतो. मी दोन्ही देऊ शकत नाही.

पुस्तकाची मांडणी कामाच्या क्रमानं आहे. आधी कायद्याची चौकट, अर्ज हातात पडल्यावर घाबरलेल्या माणसाला समजेल इतकी. मग खोली, म्हणजे बैठका कशा चालतात, स्वतंत्र बैठकीत सांगितलेलं समोरच्यापर्यंत परवानगीशिवाय का जात नाही. मग सगळ्यात लांब भाग, वेळापत्रकाचा. त्यात सण, सुट्ट्या, शाळा, आजारपण, आजी-आजोबा, नवं लग्न, गाव बदलणं, असे एकेक विषय घेतले आहेत. विधी आयोगानं २०१५ च्या आपल्या २५७ व्या अहवालात संयुक्त पालकत्वाची शिफारस केली होती. ती कायद्यात उतरलेली नसली तरी दोघांना मान्य असेल तर खोलीत उतरवता येते, कशी ते तिथे दिसेल. शेवटी मध्यस्थी थांबते त्या जागा. यातली माणसं खरी आहेत, पण एकही जशीच्या तशी नाही. गाव, नोकरी, मुलांची वयं आणि संख्या, सगळं हलवलं आहे. कुठे दोन घरांचं एक केलं आहे. कुणाला आपलंच वाटलं तर ते अशा भांडणांच्या सारखेपणामुळे. बाहेरून सगळी घरं वेगळी मोडतात, आतून त्याच चार-पाच जागी.

हे कुणासाठी लिहिलं? नवे मध्यस्थ आणि तरुण वकील यांच्यासाठी तर आहेच. पण जास्त करून त्या माणसासाठी, जो उद्या सकाळी दहा वाजता बोर्डावर आपला नंबर शोधत उभा असेल आणि ज्याला वाटत असेल की आज मूल मिळणार किंवा जाणार. त्याला मला माझ्या जुन्या कामातला दुसरा एक शब्द द्यायचा आहे.

बांधावरच्या भांडणांत ताब्याइतकाच मोठा शब्द होता 'वहिवाट'. जमीन दुसऱ्याच्या नावावर असते, पीक तोच घेतो, पण तिच्या कडेनं तुमची वाट जाते. ती वाट अडवता येत नाही. अडवली तर मामलेदार कोर्टात दाद मागता येते, १९०६ पासून तसा कायदा आहे. वहिवाटीचा पुरावा काय, तर चालणं. कागद जुना असो नसो, रोज बैल गेले, माणसं गेली, गवत दबलं, की वाट दिसते. दोन पावसाळे कुणी गेलं नाही तर तिथेच बाभळी उगवतात आणि मग साक्षीदारही सापडत नाहीत. ज्याच्या घरी मूल राहत नाही, त्या आईचं किंवा बापाचं मुलाशी नातं वहिवाटीचं असतं. ते हुकमानं मिळत नाही, चालून राहतं. आणि ज्याच्या घरी मूल राहतं, त्यानं एवढंच करायचं, की वाटेत काटे टाकायचे नाहीत.

मसुद्याच्या वरच्या भागात मी अजूनही 'ताबा' लिहितो. कोर्टाची भाषा ती आहे आणि ती बदलणं माझ्या हातात नाही. खाली मात्र परिशिष्ट जोडतो, वर्षाच्या सगळ्या तारखांचं. सही करण्यापूर्वी भिंतीवरचं कालनिर्णय उतरवून घेतो आणि पाचवे शनिवार मोजतो.